लहान संस्थांचा वार्षिक हिशेब : विश्वस्तांचे कर्तव्य, समाजाचा हक्क

महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनात लहान संस्थांचे स्थान फार मोठे आहे. गावचे वाचनालय, तालीम, महिला मंडळ, बालवाडी, विद्यार्थी वसतिगृह, ज्येष्ठ नागरिकांचा संघ, रुग्णोपयोगी साहित्य पुरविणारे मंडळ अशा शेकडो प्रकारच्या संस्था लोकांच्या वर्गणीवर आणि देणग्यांवर चालतात. विसाव्या शतकाच्या प्रारंभी अंताजी दामोदर काळे यांनी माणशी एक पैसा गोळा करण्याचा उपक्रम सुरू केला आणि त्या पैसा फंडातून १९०८ मध्ये तळेगाव येथे काच कारखाना उभा राहिला. कर्मवीर भाऊराव पाटील यांनी १९१९ मध्ये स्थापन केलेली रयत शिक्षण संस्था घराघरांतून येणाऱ्या मूठभर धान्याच्या आधारावर वाढली. सामान्य माणसाच्या अल्प दानातून मोठे काम उभे राहू शकते, हा या राज्याचा अनुभव आहे.

तथापि ज्या दानातून संस्था उभी राहते, त्या दानाचा हिशेब लोकांपुढे वेळेवर आणि समजेल अशा रीतीने ठेवला जातोच असे नाही. काम चोख, कार्यकर्ते निःस्वार्थी आणि तरीही हिशेबाचे दप्तर अपुरे, असे चित्र अनेक ठिकाणी आढळते. परिणामी अनुदान अडकते, बँकेतील व्यवहार थांबतात, नव्या आणि जुन्या कार्यकारिणीत वितुष्ट येते आणि ज्याने आयुष्यात एका पैशाचाही अपहार केला नाही अशा चिटणीसाकडे गाव संशयाने पाहू लागते. वार्षिक हिशेब म्हणजे केवळ सरकारी कार्यालयात भरावयाचे कागद नव्हेत. प्रामाणिक कार्यकर्त्याच्या सचोटीचा तोच एकमेव टिकाऊ पुरावा होय. म्हणूनच हा हिशेब कसा ठेवावा, कसा मांडावा आणि कोणापुढे सादर करावा, हे समजून घेणे अगत्याचे आहे.

कायद्याची चौकट

सार्वजनिक न्यासांच्या कारभारासंबंधी राज्यातील प्रमुख कायदा १९५० चा आहे. न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या अहवालानंतर तत्कालीन मुंबई राज्याने मुंबई सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम, १९५० संमत केला. सर्व धर्मांच्या धार्मिक आणि धर्मादाय न्यासांना एकच कायदा लागू करणारी ही व्यवस्था त्या काळी नवी होती. २०१२ च्या सुधारणेनंतर हा कायदा महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्तव्यवस्था अधिनियम या नावाने ओळखला जातो. त्याखालील तपशीलवार नियम १९५१ चे आहेत.

या कायद्याला प्रारंभीच न्यायालयात आव्हान देण्यात आले. रतिलाल पानाचंद गांधी विरुद्ध मुंबई राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १९५४ मध्ये निर्णय दिला. धार्मिक संस्थांच्या कारभारात अवाजवी हस्तक्षेप करणाऱ्या काही तरतुदी न्यायालयाने रद्द ठरविल्या. मात्र न्यासांची नोंदणी, हिशेब आणि तपासणी यांविषयीची सर्वसाधारण व्यवस्था न्यायालयाने ग्राह्य धरली. संस्थेला आपले कार्य आपल्या श्रद्धेनुसार करण्याचे स्वातंत्र्य आहे. मात्र लोकांनी दिलेल्या मालमत्तेचा कारभार चोख राहावा यासाठी कायद्याने नियमन करता येते, असा या निर्णयाचा आशय आहे.

संस्था नोंदणी अधिनियम, १८६० खाली नोंदलेल्या ज्या संस्थांचा हेतू धार्मिक किंवा धर्मादाय स्वरूपाचा आहे, त्यांचाही समावेश महाराष्ट्रात सार्वजनिक न्यासाच्या व्याख्येत होतो. गरिबी व संकट यांचे निवारण, शिक्षण, वैद्यकीय साहाय्य, समाजकल्याणाच्या दृष्टीने करमणुकीच्या व फुरसतीच्या वेळेतील सोयी आणि सार्वजनिक उपयुक्ततेची इतर कामे ही धर्मादाय हेतूंत मोडतात. गावच्या वाचनालयाला किंवा तालमीला हा कायदा का लागू व्हावा, असा प्रश्न अनेकांना पडतो. त्याचे उत्तर या व्याख्येत आहे. लोकांचा पैसा लोकांच्या हितासाठी ज्यांच्या हाती आला, ते कायद्याच्या दृष्टीने विश्वस्त ठरतात. मग संस्थेच्या घटनेत त्यांना अध्यक्ष म्हटलेले असो वा कार्यकारिणी सदस्य.

हिशेबाच्या दृष्टीने या अधिनियमातील तीन कलमे प्रत्येक पदाधिकाऱ्याने लक्षात ठेवावीत. कलम ३२ नुसार न्यासाने नियमित हिशेब ठेवणे बंधनकारक आहे. कलम ३३ नुसार दरवर्षी ३१ मार्च रोजी, किंवा धर्मादाय आयुक्तांनी ठरवून दिलेल्या अन्य तारखेस, हिशेब बंद करून त्यांची सनदी लेखापालाकडून अथवा शासनाने प्राधिकृत केलेल्या व्यक्तीकडून तपासणी करून घ्यावयाची असते. कलम ३४ नुसार ताळेबंद आणि उत्पन्न-खर्च पत्रक तयार करून ते आपल्या अहवालासह विश्वस्तांकडे व संबंधित उप किंवा सहायक धर्मादाय आयुक्तांकडे पाठविणे हे लेखापरीक्षकाचे कर्तव्य आहे. हिशेब बंद झाल्यापासून सहा महिन्यांच्या आत तपासणी पूर्ण व्हावी अशी अपेक्षा असल्यामुळे ३१ मार्चला वर्ष संपणाऱ्या संस्थांसाठी ३० सप्टेंबर ही महत्त्वाची तारीख होय. अल्प उत्पन्नाच्या न्यासांना लेखापरीक्षणातून सूट देण्याची तरतूद कायद्यात आहे. परंतु सूट तपासणीपुरती असते, हिशेब ठेवण्यापासून कोणालाही सूट नाही.

रोजकीर्दीपासून ताळेबंदापर्यंत

वार्षिक हिशेब सप्टेंबरात तयार होत नाही. तो वर्षभर रोज तयार होत असतो. त्याचा पाया म्हणजे पावती पुस्तक आणि प्रमाणक. पैसा येताना छापील अनुक्रमांकाची पावती द्यावी आणि पैसा जाताना दुकानदाराचे बिल किंवा पैसे घेणाऱ्याची सही असलेले प्रमाणक घ्यावे, एवढा एक नियम कसोशीने पाळला तरी निम्मे काम होते. पावती पुस्तके किती छापली, कोणाकडे दिली आणि कोणती परत आली याची स्वतंत्र नोंदवही असावी. रद्द झालेली पावती फाडून न टाकता मूळ प्रतीसह पुस्तकातच ठेवावी. उत्सवाच्या किंवा वर्गणीच्या काळात पुस्तके अनेक स्वयंसेवकांच्या हाती जातात. त्यांपैकी एक जरी परत आले नाही, तरी त्या वर्षाच्या संपूर्ण हिशेबावर शंकेची छाया पडते.

पावत्या व प्रमाणके यांच्या आधारे रोजकीर्द लिहिली जाते. रोजकीर्दीतील नोंदी खात्यांनुसार खतावणीत जातात. वर्षअखेरीस सर्व खात्यांच्या शिलका एकत्र मांडून तेरीज काढली जाते आणि तेरजेवरून वार्षिक पत्रके तयार होतात. आता हे काम संगणकावर होते, तरी क्रम तोच आहे. संगणक बेरीज चुकू देत नाही; परंतु न लिहिलेली देणगी तो शोधून देत नाही.

याखेरीज स्थावर व जंगम मालमत्तेची नोंदवही स्वतंत्रपणे ठेवावी लागते. दात्याने दिलेले कपाट, पंखा, पुस्तके किंवा शिवणयंत्र रोख व्यवहार नसल्यामुळे रोजकीर्दीत येत नाही आणि नोंदवहीतही न आल्यास काही वर्षांनी त्याचा मागमूस राहत नाही. वस्तुरूप देणगीची नोंद तारीख, दात्याचे नाव आणि अंदाजित किंमत यांसह तत्काळ करणे हाच त्यावर उपाय होय.

तीन पत्रकांतील भेद

लहान संस्थांच्या पदाधिकाऱ्यांचा सर्वांत अधिक गोंधळ होतो तो जमा-खर्च पत्रक, उत्पन्न-खर्च पत्रक आणि ताळेबंद या तिहींमधील भेदाविषयी. जमा-खर्च पत्रकात वर्षात प्रत्यक्ष हाती आलेला आणि हातून गेलेला पैसा दाखविला जातो. उत्पन्न-खर्च पत्रकात त्या वर्षाचे खरे उत्पन्न आणि त्या वर्षाचा खरा खर्च दाखविला जातो. पैसा हाती आला किंवा दिला गेला असो वा नसो. ताळेबंद हा वर्षाच्या शेवटच्या दिवशी संस्थेजवळ काय आहे आणि ते कोणत्या निधीचे आहे हे सांगतो. नियमांमध्ये ताळेबंदाचा नमुना आठव्या अनुसूचीत आणि उत्पन्न-खर्च पत्रकाचा नमुना नवव्या अनुसूचीत दिलेला आहे. अंशदानाच्या दृष्टीने उत्पन्नाचे विवरण देणारा नऊ-सी हा नमुनाही त्यांच्यासोबत जोडला जातो.

एका काल्पनिक वाचनालयाचे उदाहरण घेतल्यास हा भेद स्पष्ट होईल. वर्षारंभी या वाचनालयाजवळ रोख व बँकेत मिळून १८,००० रुपये आहेत. कायम निधीची ८०,००० रुपयांची मुदत ठेव आहे. सभासदांकडून मागील वर्षाची २,००० रुपये वर्गणी येणे आहे आणि पुस्तके व फर्निचर ७०,००० रुपयांचे आहे. एकूण मालमत्ता १,७०,००० रुपये झाली. तिच्यासमोर कायम निधी ८०,००० रुपये, लेखापरीक्षकाचे देणे ३,००० रुपये आणि उत्पन्न-खर्च खात्याची संचित शिल्लक ८७,००० रुपये आहे.

वर्षभरात पुढील जमा झाली : वर्गणी २४,००० रुपये, चालू खर्चासाठी अनुदान ६०,००० रुपये, ठेवीवरील व्याज ६,००० रुपये, रद्दी विक्री २,००० रुपये आणि मार्चअखेरीस एका दात्याकडून केवळ इमारतीसाठी १,००,००० रुपये. एकूण जमा १,९२,००० रुपये.

खर्ची पुढीलप्रमाणे पडली : अर्धवेळ ग्रंथपालाचे अकरा महिन्यांचे मानधन ४४,००० रुपये, वृत्तपत्रे व नियतकालिके १४,००० रुपये, नवीन पुस्तके २०,००० रुपये, वीज ६,००० रुपये, लेखनसामग्री व टपाल २,००० रुपये, मागील वर्षाचे लेखापरीक्षण शुल्क ३,००० रुपये आणि इमारत निधीची नवी मुदत ठेव १,००,००० रुपये. एकूण १,८९,००० रुपये. प्रारंभीच्या शिलकेसह हिशेब केल्यास वर्षअखेर २१,००० रुपये हाती राहतात.

केवळ एवढ्यावरून एखादा सभासद म्हणेल की वाचनालयाला यंदा १,९२,००० रुपये उत्पन्न झाले. दुसरा म्हणेल की शिल्लक केवळ ३,००० रुपयांनी वाढली, तेव्हा बाकीचे गेले कोठे? दोघांचेही अनुमान चुकीचे आहे. त्याचे कारण उत्पन्न-खर्च पत्रक सांगते.

मिळालेल्या २४,००० रुपये वर्गणीत मागील वर्षाच्या थकबाकीचे २,००० आणि पुढील वर्षाचे आगाऊ १,००० रुपये आहेत. ते वजा करावयाचे. या वर्षाची ४,००० रुपये वर्गणी अद्याप यावयाची आहे. ती मिळवावयाची. म्हणजे या वर्षाची खरी वर्गणी २५,००० रुपये झाली. तीत अनुदान ६०,०००, व्याज ६,००० आणि रद्दीचे २,००० मिळविले असता उत्पन्न ९३,००० रुपये होते. इमारतीसाठी आलेले १,००,००० रुपये या पत्रकात येत नाहीत. कारण ते चालू खर्चासाठी दिलेले नसून एका निश्चित कामासाठी सोपविलेले आहेत.

खर्चाच्या बाजूस मार्चचे राहिलेले मानधन धरून बारा महिन्यांचे ४८,००० रुपये, वृत्तपत्रांचे १४,०००, विजेचे ६,०००, लेखनसामग्रीचे २,०००, या वर्षाचे देणे असलेले लेखापरीक्षण शुल्क ३,५०० आणि पुस्तके व फर्निचर यांवरील घसारा ९,००० रुपये येतो. एकूण खर्च ८२,५०० रुपये. नवीन पुस्तकांचे २०,००० रुपये येथे येत नाहीत. कारण ती पुस्तके वर्षानुवर्षे वाचकांच्या उपयोगी पडणारी मालमत्ता आहे आणि तिची झीज घसाऱ्याच्या रूपाने दरवर्षी खर्चात धरली जाते. अशा रीतीने वर्षाचा खरा वाढावा १०,५०० रुपये ठरतो.

आता वर्षअखेरचा ताळेबंद पाहू.

मालमत्ता : रोख व बँक शिल्लक २१,०००, मुदत ठेवी १,८०,०००, येणे वर्गणी ४,०००, पुस्तके व फर्निचर ८१,०००. एकूण २,८६,००० रुपये.

निधी व देणी : कायम निधी ८०,०००, इमारत निधी १,००,०००, देणे मानधन ४,०००, देणे लेखापरीक्षण शुल्क ३,५००, आगाऊ वर्गणी १,०००, उत्पन्न-खर्च खात्याची शिल्लक ९७,५००. एकूण २,८६,००० रुपये.

दोन्ही बाजू जुळल्या. मात्र त्याहून महत्त्वाची गोष्ट अशी की १,८०,००० रुपयांच्या ठेवी आणि त्यांच्यासमोरील दोन निधी यांची रक्कम तंतोतंत सारखी आहे. ज्यासाठी पैसा दिला गेला त्यासाठी तो सुरक्षित आहे, ही ग्वाही दात्याला या दोन ओळींतून मिळते. हीच इमारत देणगी चुकून उत्पन्नात धरली असती तर वाढावा १,१०,५०० रुपये दिसला असता. तो पाहून कार्यकारिणीने ग्रंथपालाचे मानधन वाढविले असते, वाचनकक्षाची रंगरंगोटी केली असती आणि प्रत्यक्ष बांधकामाची वेळ आली तेव्हा इमारत निधी शिल्लक राहिला नसता. कोणाचाही हेतू वाईट नसताना विश्वासभंग घडतो तो असा. यासाठी विशिष्ट हेतूने दिलेल्या किंवा कायम निधीसाठी दिलेल्या देणगीबाबत दात्याचे लेखी निर्देश घेऊन ते दप्तरात जपून ठेवावेत.

लेखापरीक्षक काय पाहतो

लेखापरीक्षण म्हणजे बेरजा तपासणे असा एक समज आहे. नियमांनी लेखापरीक्षकावर सोपविलेले काम त्याहून पुष्कळ व्यापक आहे. हिशेब नियमितपणे ठेवले आहेत काय, तपासणीच्या दिवशी हातातील रोकड व प्रमाणके हिशेबाशी जुळली काय, मालमत्तेची नोंदवही नीट आहे काय, न्यासाचा पैसा त्याच्या उद्दिष्टाबाहेर वापरला गेला काय, एक वर्षाहून अधिक काळ येणे असलेल्या रकमा किती आणि सोडून दिलेल्या किती, याविषयी त्याने स्पष्ट अभिप्राय द्यावयाचा असतो.

काही प्रश्न तर थेट विश्वस्तांच्या वर्तनाविषयीचे आहेत. विश्वस्तांची संख्या घटनेप्रमाणे आहे काय, सभा नियमित होतात काय, कार्यवृत्ताची वही ठेवली जाते काय, कोणी विश्वस्त न्यासाचा ऋणको किंवा धनको आहे काय आणि मागील वर्षी दाखविलेल्या त्रुटी दूर झाल्या काय, हेही अहवालात नमूद व्हावे लागते. अनियमित किंवा अयोग्य खर्च, वसुलीत झालेली कसूर, पैशाचा अपव्यय अथवा नुकसान आढळल्यास ते विश्वस्तांच्या गैरवर्तनामुळे झाले किंवा कसे, हेदेखील कलम ३४ नुसार सांगावयाचे असते.

लहान संस्थांमध्ये विश्वस्त ऋणको वा धनको असण्याचा प्रश्न वारंवार उद्भवतो. वीजबिलाची अखेरची तारीख आली, बँकेत पैसे नव्हते, अध्यक्षांनी पदरचे भरले. किंवा उत्सवाची रोकड चार दिवस खजिनदाराच्या घरी राहिली. या गोष्टी सद्भावनेने घडतात. परंतु त्यांची नोंद त्याच दिवशी झाली नाही, तर काही वर्षांनी अध्यक्षांचे येणे कोणी मान्य करीत नाही आणि खजिनदाराकडील रकमेवरून वाद सुरू होतो. जमा झालेली रोकड शक्य तितक्या लवकर बँकेत भरणे, रोजच्या किरकोळ खर्चासाठी हाती ठेवावयाच्या रकमेची मर्यादा ठरावाने निश्चित करणे आणि मोठे खर्च धनादेशाने किंवा बँकेमार्फतच करणे, ही पथ्ये विश्वस्तांच्या स्वतःच्या संरक्षणासाठी आहेत.

दप्तराचे हस्तांतर आणि बदल अहवाल

हिशेबाशी निगडित, परंतु सर्वाधिक दुर्लक्षित राहणारी बाब म्हणजे बदल अहवाल. विश्वस्त निवृत्त झाले, निधन पावले, नवे निवडले गेले किंवा न्यासाच्या नावे जागा आली, तर असा बदल कलम २२ नुसार ९० दिवसांच्या आत धर्मादाय कार्यालयास कळवावा लागतो. हे न केल्यास प्रत्यक्षात कारभार एका कार्यकारिणीकडे आणि शासकीय नोंदवहीत नावे मात्र दुसऱ्याच व्यक्तींची, कधी कधी दिवंगतांची, अशी स्थिती निर्माण होते. मग बँक सह्या बदलून देण्यास तयार होत नाही, अनुदान देणारे कार्यालय खुलासा मागते आणि मालमत्तेबाबतच्या कोणत्याही परवानगीचा अर्ज पुढे सरकत नाही.

याच्याच जोडीला दप्तराचे हस्तांतर येते. पदाधिकारी बदलताना पावती पुस्तके, रोजकीर्द, कार्यवृत्त, ठेवींच्या पावत्या, लेखापरीक्षण अहवाल आणि मालमत्ता नोंदवही यांची यादी करून दोन्ही बाजूंनी सह्या कराव्यात. संगणकावर हिशेब असेल तर त्याची प्रत आणि संस्थेच्या नावाने उघडलेल्या ऑनलाइन खात्यांचे तपशीलही या यादीत असावेत. चिटणिसाच्या घरातील पेटीत दप्तर आणि ती पेटी उघडणारे दुसरे कोणी नाही, ही स्थिती कोणत्याही संस्थेला परवडणारी नाही.

न्यासाचा पैसा कोठे ठेवावा याविषयीही कायदा स्पष्ट आहे. अनुसूचित बँका, टपाल खात्याची बचत बँक, शासनाने यासाठी मान्यता दिलेल्या सहकारी बँका आणि सरकारी रोखे ही कलम ३५ मधील प्रमुख साधने होत. अधिक व्याजाच्या मोहाने एखाद्या विश्वस्ताच्या ओळखीच्या पेढीत ठेव ठेवणे हा कायद्याचा भंग तर आहेच. पैसा बुडाल्यास त्याची जबाबदारीही विश्वस्तांकडे येऊ शकते. त्याचप्रमाणे न्यासाची स्थावर मालमत्ता विकणे किंवा दीर्घ मुदतीने भाड्याने देणे यांसाठी कलम ३६ नुसार धर्मादाय आयुक्तांची मंजुरी लागते.

हिशेब वा अहवाल सादर करण्यात सातत्याने कसूर करणाऱ्या विश्वस्तास कलम ४१-डी नुसार निलंबित करता येते किंवा काढून टाकता येते. मात्र दंडाच्या आणि कारवाईच्या भीतीने हिशेब देणे ही शेवटची पायरी समजावी. ज्या संस्थेत वर्षभर नोंदी वेळेवर होतात, तिला या कलमाची आठवण ठेवण्याचेही कारण पडत नाही.

इतर कायद्यांखालील विवरणे

धर्मादाय कार्यालयाकडील नोंदणी आणि प्राप्तिकराची सवलत या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सवलतीसाठी प्राप्तिकर विभागाकडे स्वतंत्र नोंदणी, विहित विवरणपत्रे आणि उत्पन्नापैकी सर्वसाधारणपणे किमान ८५ टक्के रक्कम उद्दिष्टांसाठी उपयोगात आणणे आवश्यक असते. देणगीदारालाही लक्षात आणून द्यावे की २,००० रुपयांहून अधिक रकमेची देणगी रोखीने दिल्यास त्यावर प्राप्तिकरातील वजावट मिळत नाही. परदेशातून देणगी घ्यावयाची असल्यास विदेशी अंशदान (विनियमन) अधिनियम, २०१० खाली नोंदणी अथवा पूर्वपरवानगी लागते. २०२० च्या सुधारणेनंतर अशी रक्कम प्रथम भारतीय स्टेट बँकेच्या नवी दिल्ली येथील मुख्य शाखेतील खात्यातच स्वीकारावी लागते आणि तिचा हिशेब पूर्णपणे वेगळा ठेवावा लागतो.

काही संस्था कंपनी अधिनियम, २०१३ च्या कलम ८ खाली कंपनी म्हणून स्थापन होतात. त्यांचा नफा उद्दिष्टांसाठीच वापरावा लागतो आणि भागधारकांना लाभांश देता येत नाही. त्यांना वार्षिक सर्वसाधारण सभेनंतर ३० दिवसांत वित्तीय पत्रके आणि ६० दिवसांत वार्षिक विवरण कंपनी निबंधकाकडे दाखल करावे लागते.

आकड्यांच्या पलीकडील अहवाल

आकडे पैसा कोठे गेला हे सांगतात. त्यातून लोकांचे काय हित झाले हे सांगत नाहीत. या दृष्टीने ब्रिटनमधील एक प्रथा अभ्यसनीय आहे. तेथे २००४ च्या कायद्यानुसार आणि २००५ पासून सामुदायिक हिताची कंपनी हा नवा प्रकार अस्तित्वात आला. स्थानिक दुकान, वाहतूक सेवा, उपाहारगृह, प्रशिक्षण केंद्र अशी कामे व्यापारी पद्धतीने, परंतु समाजाच्या लाभासाठी चालविणाऱ्या लहान संस्था हे रूप घेतात. त्यांची मालमत्ता खासगी लाभासाठी काढून घेता येत नाही, असे बंधन कायद्यानेच त्यांच्यावर घातलेले आहे.

अशा प्रत्येक कंपनीला वार्षिक हिशेबासोबत एक स्वतंत्र सामुदायिक हित अहवाल द्यावा लागतो. वर्षभरात कोणते काम केले आणि त्याचा समाजाला काय लाभ झाला, ज्यांच्यासाठी काम केले त्यांचे मत कसे विचारात घेतले, संचालकांना किती मोबदला दिला, मालमत्ता कोणाला हस्तांतरित केली काय आणि लाभांश दिला काय, अशा थोड्या प्रश्नांची उत्तरे त्यात असतात. हे कागद सार्वजनिक नोंदीत राहतात व कोणालाही पाहता येतात. ज्यांच्यासाठी काम केले त्यांना विचारले काय, हा त्यातील प्रश्न विशेष मोलाचा म्हणावा लागेल.

आपल्याकडील वाचनालयाला किंवा महिला मंडळाला असा अहवाल लिहिण्यास कोणाच्या आदेशाची आवश्यकता नाही. वार्षिक सर्वसाधारण सभेपुढे ताळेबंदासोबत दोन पानांचे निवेदन ठेवता येते : सभासद किती वाढले, किती पुस्तके वाचली गेली, कोणत्या वाडीवरचे वाचक अजून येत नाहीत, स्त्रियांसाठी ठेवलेली वेळ सोयीची ठरली काय, पुढील वर्षी काय करावयाचे आणि त्यास किती पैसा लागेल. असे निवेदन लिहिताना कार्यकारिणीला स्वतःच्याच कामाचे यथार्थ दर्शन घडते. ग्रामस्थांनाही ताळेबंदातील आकड्यांचा अर्थ त्यातून उमगतो.

वर्षाचे वेळापत्रक

लहान संस्थेने आपल्या भिंतीवर लावावे असे वेळापत्रक पुढीलप्रमाणे सुचविता येईल. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात रोकड मोजून तिचा दाखला लिहावा, बँक शिलकेचा मेळ घालावा आणि देणी-येण्यांची यादी करावी. एप्रिलअखेर मालमत्तेची प्रत्यक्ष मोजणी करावी. मे महिन्यात तेरीज आणि कच्ची पत्रके तयार करून दप्तर लेखापरीक्षकाकडे द्यावे. जून व जुलैमध्ये त्याच्या शंकांचे निरसन करावे. ऑगस्टमध्ये कार्यकारिणीने पत्रकांना मान्यता द्यावी. सप्टेंबर संपण्यापूर्वी अहवाल धर्मादाय कार्यालयास सादर झाला आहे याची खात्री करून घ्यावी; ऑनलाइन सादरीकरणाची पोच छापून दप्तरात लावावी. सर्वसाधारण सभा संस्थेच्या घटनेत दिलेल्या मुदतीत घ्यावी. पुढे जानेवारीपासून येत्या वर्षाच्या अंदाजपत्रकाची तयारी सुरू करावी. कारण ज्या न्यासांना अंदाजपत्रक सादर करणे आवश्यक आहे, त्यांना ते नवीन वर्ष सुरू होण्यापूर्वी एक महिना द्यावे लागते.

ज्या संस्थांची काही वर्षांची पत्रके राहिली आहेत, त्यांनी संकोचाने आणखी विलंब करू नये. उपलब्ध पावत्या, बँकेचे उतारे आणि कार्यवृत्त यांच्या आधारे सर्वांत जुन्या वर्षापासून एकेक वर्ष पुरे करीत यावे आणि विलंबाचे खरे कारण लेखी द्यावे. मागील वर्षाची अखेरची शिल्लक निश्चित झाल्याशिवाय पुढील वर्ष उघडता येत नाही, म्हणून क्रम मोडू नये.

सार्वजनिक न्यासांचे हिशेब हे कोणा एका व्यक्तीच्या मालकीचे नसतात. वर्गणी देणारा शेतमजूर, जागा देणारी ग्रामपंचायत, आपल्या दिवंगत आप्ताच्या स्मरणार्थ देणगी देणारे कुटुंब आणि संस्थेत येऊन बसणारा विद्यार्थी या सर्वांचा त्यावर हक्क आहे. सभेच्या दिवशी ताळेबंदाची एक प्रत संस्थेच्या दर्शनी भागात लावावी आणि खजिनदाराने तो सोप्या शब्दांत वाचून दाखवावा. एवढी प्रथा प्रत्येक लहान संस्थेने पाळली, तर पुढच्या वर्षी वर्गणीसाठी दारात येणाऱ्या कार्यकर्त्याला गावकरी आनंदाने आणि विश्वासाने सामोरे जातील.